पाच मिनिटांची गाडी

"टुक."

मामंजींनी किल्ली सोडली आणि पुन्हा फिरवली.

"टुक."

"मेली," मी म्हणाले. गाडीचं कव्हर हातात घेऊन मी पोर्चच्या पायरीवर उभी होते. दर रविवारी दहाला ते काढायचं आणि सव्वादहाला परत घालायचं, हे त्या घरात सुनेचं काम होतं.

मामंजींनी काच खाली केली. त्यालाही त्यांना बराच वेळ लागायचा. "मेली काय, सूनबाई? यंत्र आहे ते. नादुरुस्त झालं म्हणावं." मग शेजारच्या बंगल्यापर्यंत जाईल अशा बेतानं आवाज चढवून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी दिलेली ही दुसरी बॅटरी! पहिली सहा महिन्यांत गेली, ही सातव्यात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, सांगलीच्या विश्रामबागेतली. माझे सासरे धनपाल चौगुले पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते आणि सगळा समाज त्यांना रावसाहेब म्हणायचा. मी त्रिशला, जयसिंगपूरच्या जिन्नाप्पा मगदूमांची मुलगी. आण्णांचं स्टँडजवळ बॅटरीचं दुकान. तीस वर्षं त्या माणसाच्या शर्टाला ॲसिडची भोकं होती, आणि तीस वर्षांत कुणी त्यांच्या मालाला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायला व्याहीच निघाले.

मामंजींची मरून रंगाची गाडी वर्षातून दोनदा रस्त्यावर यायची, दिवाळीत आणि महावीर जयंतीला, तीही भाड्याचा ड्रायव्हर बोलावून. बाकी पन्नास रविवार ती पोर्चमध्येच सुरू व्हायची. मामंजी इस्त्रीची पँट घालून, चष्मा पुसून आत बसायचे. सेल्फ मारायचे. मग दिवे लावून बघायचे, वायपर फिरवायचे, हॉर्न दोनदा वाजवायचे आणि टेपवर णमोकार मंत्र लावून मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजायचे. मोजून झाली की गाडी बंद. चेहरा असा, की जणू पुण्याला जाऊन आले.

"यंत्र नियमित चालवलं की टिकतं," ते म्हणायचे. "बॅटरी चार्ज राहते."

आता बॅटरीचं असं असतं. सेल्फ मारताना ती एका दमात जेवढं देते, तेवढं भरून निघायला गाडी वीसेक किलोमीटर पळावी लागते. जागच्या जागी पाच मिनिटं घुरघुरून काही मिळत नाही. त्यात दिवे, वायपर आणि टेप. म्हणजे घागरीतून तांब्याभर पाणी काढायचं आणि चमचाभर परत ओतायचं, आणि हे दर रविवारी. पाण्याच्या खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये!

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी त्यांना हे सांगितलं होतं. गाडी चालवायची नसेल तर बॅटरीची निगेटिव्हची तार काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, म्हटलं. ते माझ्याकडे बघून हसले होते.

"सूनबाई, मी चाळीस किलोमीटर कॅनॉल बांधलाय."

तो कॅनॉल अजून गळतो. पण ते तेव्हा बोलायची सोय नव्हती.

*

मंगळवारी आण्णा तिसरी बॅटरी घेऊन आले. एसटीनं आले, पोत्यात गुंडाळलेली बॅटरी खांद्यावर घेऊन. विश्रामबाग चौकापासून आमच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं चालावं लागतं. तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं.

व्याही दारात आला की पाय धुवायला पाणी द्यावं, पुढं होऊन हाताला धरून आत आणावं. आमच्याकडं ते इतर सगळ्यांसाठी होतं. माझे आण्णा आले की मामंजी आतल्या खुर्चीवरून हाक मारायचे, "मगदूम आले का? त्यांना बाजूनं यायला सांगा. फरशीवर ॲसिड सांडेल."

आण्णा बाजूनं आले. जुनी बॅटरी काढून त्यांनी पोर्चच्या फरशीवर ठेवली आणि नवी जोडली. सगळं मान खाली घालून, सवयीच्या हातांनी. मामंजी पाठीमागं हात बांधून उभे होते.

"मगदूम, वस्तुस्थिती अशी आहे, की तेरा महिन्यांत दोन बॅटऱ्या निकामी झाल्या. याचा अर्थ काय होतो?"

"माल खराब लागला असंल, साहेब."

"दोन्ही वेळा?"

"असंल, साहेब."

मी चहा घेऊन दारात उभी होते. ज्या माणसानं मला दहाव्या वर्षी काचेच्या नळीनं ॲसिड तपासायला शिकवलं, बारावीनंतर साखर कारखान्याच्या मोकळ्या मैदानात जीप चालवायला शिकवली, गिऱ्हाईक चुकलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर चूक म्हणायला शिकवलं, तो माणूस इथं मूग गिळून बसला होता.

"लोक बोलतात, मगदूम," मामंजी पुढं म्हणाले. "जुन्या बॅटरीला नवं लेबल लावून विकतात म्हणे हल्ली. मी तुमच्याबद्दल म्हणत नाही. एक सर्वसाधारण परिस्थिती सांगतोय."

आण्णांनी जुनी बॅटरी पोत्यात घातली. ती उचलताना तिच्या बुचातून दोन थेंब फरशीवर पडले आणि पांढरा फेस आला. आण्णा लगेच गुडघ्यावर बसले. मी आतून खायचा सोडा आणला, तोही त्यांनी माझ्या हातून काढून घेतला, फरशीवर पसरला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायला लागले.

"राहू द्या आण्णा, मी पुसते."

"नको, डाग पडंल."

मामंजी वाकून बघत होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, उठा व्याही, असू दे.

"त्या कोपऱ्यातसुद्धा जरा बघा," मामंजी म्हणाले.

फाटकापर्यंत मी आण्णांच्या मागं गेले. चहा त्यांनी घेतलाच नव्हता.

"सांगत का नाही त्यांना? दर रविवारी पाच मिनिटं गाडी घुरघुरवतात आणि बॅटरी खातात, हे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय की."

"मग?"

आण्णांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुला त्या घरात नांदायचं हाय, पोरी. बॅटऱ्या काय, कंपनी आनखी काढतीया."

ते चालायला लागले. मला त्यांची दया आली असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. मला त्यांचा राग आला होता.

*

दोन दिवसांनी, गुरुवारी, मामंजी पेन्शनरांच्या बैठकीला गेल्यावर मी जयसिंगपूर गाठलं. आण्णा दुकानात बसले होते. लोडशेडिंग चालू होतं, सगळी गल्ली घामानं निथळत होती. आमच्या दुकानात मात्र एक छोटा पंखा घरघरत होता, ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला, आणि त्याच्या वाऱ्याखाली आण्णा बुचं धूत होते.

मी काही न बोलता फळीवरचा दहा नंबरचा पाना घेतला, काचेची नळी घेतली आणि एक लहान चार्जर उचलला.

"काय करनार हैस?" आण्णांनी विचारलं.

"नांदणार आहे," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी शोधून दिली.

त्या रविवारपासून माझा उद्योग सुरू झाला. मामंजींचा सोहळा संपला, ते आंघोळीच्या दुसऱ्या फेरीला गेले, की मी कव्हर घालायच्या निमित्तानं बॉनेट उघडायची आणि पान्यानं निगेटिव्हची तार सोडवून बाजूला करायची. तार सुटली की गाडीतलं घड्याळ, टेप, कुणीही बॅटरीला तोंड लावू शकत नाही. दर गुरुवारी मामंजी बैठकीला गेले, की बुचं उघडून चार तास चार्जर लावायचा, नळीत ॲसिड ओढून आतल्या तरंगत्या खुणेवर साडेबाराशे, म्हणजे बॅटरी पूर्ण भरल्याचा आकडा, दिसेपर्यंत. आणि रविवारी सकाळी साडेनऊला, मंदिरातून ते परत यायच्या आत, तार पुन्हा जोडायची. तार काढली की गाडीतलं घड्याळ बारावर जायचं, तेही लावून ठेवायचं. ते दोन-तीन मिनिटं इकडं-तिकडं व्हायचं. मामंजींच्या लक्षात आलं. घड्याळाच्या कंपनीला त्यांनी तीन पत्रं लिहिली.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला एकदा चार्जर लावताना पाहिलं. "काय गं ते?" म्हणाल्या.

"बॅटरीला दूध पाजतेय, आत्याबाई."

त्या गालात हसल्या आणि आत गेल्या. त्या घरात चाळीस वर्षं काढून त्यांनी न बघण्याचं शास्त्र पुरं आत्मसात केलं होतं. माझा नवरा भरतेश मिरजेच्या बँकेत होता. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणायचा, "पप्पांशी वाद घालून उपयोग नाही," आणि पेपर वाचायचा. घरात तो पाहुण्यासारखा वागायचा, आणि पाहुण्याचाच मान त्याला मिळायचा.

सहा महिने गेले, सात गेले. गाडी दर रविवारी पहिल्या सेल्फला सुरू होत होती. मी खुशीत होते. मला वाटत होतं, आण्णांचं नाव मी राखलं. एवढी मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झाले नाही.

नवव्या महिन्यातल्या एका रविवारी गाडी बंद करून मामंजी खाली उतरले आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत, सूनबाई? ही खरी बॅटरी. खरा माल कसा असतो बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या दोन बोगस होत्या, हे सिद्ध झालं. गाडी तीच, चालवणारा तोच, पद्धत तीच. फरक कशात? मालात. मी खडसावलं, तेव्हा तुमच्या वडिलांनी खरा माल दिला." त्यांनी चष्मा काढला. "अनुमान म्हणतात याला."

बॅटरी मेली असती तर आण्णा लबाड ठरले असते. बॅटरी जगली म्हणूनही आण्णाच लबाड ठरले. आणि ती जगवली होती मी, स्वतःच्या हातांनी.

मामंजी हे अनुमान घरात ठेवून गप्प बसणारे नव्हते. उथळ पाण्याला खळखळाट फार. मंदिरात सांगितलं, पेन्शनरांत सांगितलं, आणि शेवटी समाजाच्या शिक्षण संस्थेत सांगितलं. तिथं ते खरेदी समितीवर होते. संस्थेच्या नऊ बस होत्या आणि त्यांच्या बॅटऱ्या पंधरा वर्षं आण्णांकडून जात होत्या. ते काम बंद झालं. आण्णांनी मला कळवलंसुद्धा नाही. मला ते माहेरच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं. वर म्हणाली, "तुमच्या दुकानावर आता लोक लेबल खरवडून बघत्यात."

मी मामंजींसमोर गेले आणि तार, पाना, गुरुवारचा चार्जर, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वडिलांसाठी मुलगी काहीही बोलेल. मी तुमचा दोष मानत नाही, सूनबाई."

गाढवापुढं वाचली गीता.

*

पुढं दोन महिन्यांनी एका शुक्रवारी जेवताना मामंजींनी जाहीर केलं, की त्यांनी मगदुमांना क्षमा करायचं ठरवलं आहे. संस्थेचे अध्यक्ष ऐनापुरे रविवारी घरी येणार होते. आण्णांनाही बोलावलं होतं. आण्णांनी ऐनापुऱ्यांसमोर एकदा तोंडानं म्हणायचं, पहिल्या दोन बॅटऱ्या खराब होत्या, आणि मग बसचं काम परत सुरू करायला मामंजींची हरकत राहणार नव्हती.

"आण्णा हो म्हणाले?" मी विचारलं.

"लगेच. माणूस समंजस आहे," मामंजी म्हणाले आणि ताक मागितलं.

त्या रविवारी साडेनऊला मी तार जोडली नाही. पाना कमरेला खोचला आणि कांदेपोहे करायला घेतले.

दहाला सगळे पोर्चमध्ये जमले. ऐनापुरे पांढरी टोपी घातलेले, पोट सुटलेले, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांना खुर्ची दिली होती. आण्णा धुतलेला शर्ट घालून, टॉवेल खांद्यावर टाकून गाडीच्या मागच्या चाकाशी उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची मी आणली, पण ते बसले नाहीत.

"आधी प्रात्यक्षिक," मामंजी म्हणाले. "अध्यक्षसाहेब, ही तिसरी बॅटरी. अकरा महिने झाले. बघा आता."

ते आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. टुकसुद्धा नाही. समोरचा एकही दिवा लागला नाही. मामंजींनी पुन्हा फिरवली. दिव्यांचं बटण ओढलं, वायपरचं दाबलं, हॉर्न दाबला. गाडी दगडासारखी गप्प.

"रावसाहेब," ऐनापुरे म्हणाले, "आमाला मेलेली गाडी बघायला बोलावलं व्हय?"

मामंजींचा चेहरा लाल झाला. ते काचेतून बाहेर डोकं काढून ओरडले, "मगदूम! हीसुद्धा?"

मी पुढं झाले. "मामंजी, बॉनेटचं हँडल ओढा."

"काय?"

"तुमच्या गुडघ्याशी आहे ते."

ते गुडघ्यापाशी चाचपडायला लागले. सहा वर्षांची गाडी, आणि बॉनेट कुठून उघडतं ते मालकाला ठाऊक नव्हतं. शेवटी मी दारातून हात घालून ते ओढलं, बॉनेट उघडून टेकू लावला, कमरेचा पाना काढला, तार जोडली आणि आवळली.

"आता मारा."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवे, वायपर, हॉर्न, णमोकार मंत्र, सगळं एकदम. ऐनापुरे दचकून खुर्चीतून अर्धे उठले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. इंजिनाच्या आवाजावर ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या गच्चीवरही ते कळलं. पाच मिनिटांनी बॅटरी कशी उतरते, ही तिसरी मी अकरा महिने कशी जगवली, पहिल्या दोन कुणी मारल्या. ऐनापुऱ्यांनी ऐकलं आणि आण्णांकडं वळून विचारलं, "जिन्नाप्पा, तू बॅटरीवाला. तू सांग. पोरगी म्हनती ते खरं का रावसाहेब म्हनत्यात ते?"

सगळे आण्णांकडं बघायला लागले. मीही बघत होते. अकरा महिने मी याच क्षणासाठी राबले होते. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. तीस वर्षांचं दुकान, तीस वर्षांचं नाव, सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द खरा होता.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मामंजींकडं.

"साहेब म्हनत्यात तेच खरं," ते म्हणाले. "पहिल्या दोन खराब लागल्या हुत्या. पोरीला ह्यातलं काय कळत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामंजींचा तिटकारा मला होताच. तो जुना आणि सवयीचा होता, रोजच्या भाताबरोबर गिळायचा. त्या क्षणी मला माझ्या बापाचा तिटकारा आला. वाकलेल्या पाठीचा, धुतलेल्या शर्टाचा, त्या टॉवेलचा. असा माणूस माझा बाप आहे याची मला लाज वाटली. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

मामंजी खुलले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली होती. त्यांनी किल्लीकडं हात नेला.

"बंद करू नका," मी म्हटलं आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा, मामंजी."

"म्हणजे?"

"आण्णांना जयसिंगपूरला सोडून येते."

"एसटीनं जातील ते."

"मग तुम्ही सोडता का?"

मामंजींनी स्टिअरिंगकडं बघितलं. फाटकाकडं बघितलं. फाटकाबाहेर रस्ता होता आणि रस्त्यावर रिक्षा, सायकली, म्हशी. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या माणसानं स्वतः ती गाडी फाटकाबाहेर कधी काढलीच नव्हती. लायसन्स होतं; ओळखीनं मिळालेलं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळे गप्प होते.

"उतरा की रावसाहेब," ऐनापुरे म्हणाले. ते आता उघड हसत होते. "बघू तर, चालती का गाडी."

मामंजी उतरले. भरतेश हातात पेपर घेऊन दारात आला होता.

"त्रिशला," तो म्हणाला, "लायसन्स घेतलंस का?"

त्या दिवशी तो तेवढंच बोलला. पण फाटक त्यानं उघडलं.

मामंजींचा रविवारचा सोहळा त्यानंतर बंद झाला. पेट्रोल महागलं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बसचं काम महिनाभरात आण्णांकडं परत आलं. ते माफीमुळं आलं, की ऐनापुऱ्यांना सगळं उमगलं होतं म्हणून आलं, ते मी विचारलं नाही. मामंजी पुढं अकरा वर्षं जगले आणि मरेपर्यंत अनुमान काढत राहिले.

*

त्या रविवारी आण्णा गाडीत मागं बसले. सीटवर आधी टॉवेल पसरला आणि मग त्यावर बसले, पँटचा डाग लागू नये म्हणून.

अंकली येईपर्यंत मी नुसती गाडी हाकली. मग राहवेना.

"लाज नाही वाटली, आण्णा? सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं स्वतःला चोर म्हणवून घेतलंत. माझे अकरा महिने पाण्यात घातलेत."

आरशात मला त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"बोला की! तिथं तर फार समंजस होतात."

"दिवे बंद कर आधी," आण्णा म्हणाले. "दिवसाढवळ्या कशाला जाळतीस?"

मामंजींनी लावलेले दिवे तसेच चालू होते. मी ते बंद केले. वायपर कोरड्या काचेवर खरडत होते, तेही बंद केले.

कृष्णेच्या पुलावर गाडी चढली. आण्णा थोडं पुढं सरकले.

"आपल्या दुकानातला पंखा कशावर फिरतोय वाटतं तुला?"

मला आधी कळलंच नाही. "कुठला पंखा?"

"लाइट गेल्यावर फिरतोय न्हवं का? त्यो."

"कशावर?"

"तुझ्या सासऱ्याच्या पयल्या बॅटरीवर. दुसरी फळीखाली हाय, दिव्याला लावलीया. दोनीबी नेल्या आणि तीन-तीन दिवस मंदावर चार्ज केल्या. पयलीला दीड वर्स झालं, दुसरीला वर्स व्हत आलं. अजून साडेबाराशे दावत्यात." पुलाचे कठडे एकामागून एक मागं जात होते. "माल चोख हुता माझा, पोरी. येक बॅटरी कधी खोटी दिली न्हाई मी. कुनालाच."

त्यांचा आवाज फाटला होता. तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मग तिथं का नाही बोललात?"

"बोललो असतो, तर मी एसटीत बसून घरला गेलो असतो. आणि तू? रात्री त्या घरात कोन हुतं तुला?"

मला रस्ता नीट दिसेना. काचेवर काही नव्हतं, तरी माझा हात वायपरच्या बटणाकडं गेला.

"थांबीव जरा," आण्णा म्हणाले.

पूल संपल्यावर मी गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही. आण्णा उतरले. मला वाटलं, आता समोरून एखादी एसटी बघतील आणि हात करतील. एवढं बोलल्यावर त्यांना माझ्यासमोर बसवणार नाही. त्यांनी सीटवरचा टॉवेल उचलला, झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला. गाडीला पुढून वळसा घातला. मग माझ्या शेजारचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले, टॉवेल न पसरता.

मी गिअर टाकला. आण्णा समोरच्या काट्यांकडं आणि दिव्यांकडं बघत राहिले, गिऱ्हाइकाची बॅटरी बघावी तसे, मान थोडी वाकडी करून. उदगाव मागं पडलं.

"आता भरतीया," ते म्हणाले.

जयसिंगपूरचं स्टँड आलं. कोपऱ्यावर आमचं दुकान दिसलं, शटर ओढलेलं. मी वेग कमी केला.

"थांबू नको," आण्णा म्हणाले. "अजून वीस किलोमीटर घे."